स्टेशनजवळ टॉवर आले की ट्रॅफिक वाढतं का? घोडबंदर रोडवर बसून केलेला थोडा हिशोब

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर सर्व्हिस रोडच्या पलीकडे एक बंद पडलेली कंपनी होती, ती पाडली आणि चारी बाजूंनी निळे पत्रे लागले. पत्रे लागले म्हणजे टॉवर येणार हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. लगेच ग्रुपवर मेसेज सुरू, आणि त्या रविवारी क्लब हाऊसमध्ये मीटिंग. विषय एकच, टॉवरला विरोध करायचा. "आधीच इथून कापूरबावडीला जायला पाऊण तास लागतो, त्यात अजून चारशे फ्लॅट?" असं बी विंगमधले काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. कारण सकाळी साडेआठला गेटबाहेर गाडी काढायला जी मारामारी असते ती मी पण रोज बघते.

पण घरी आल्यावर मला स्वतःचंच हसायला आलं. मी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते, एफएसआय, पार्किंगचे तक्ते, ओसी म्हणजे राहायला जायचा दाखला, हेच माझं रोजचं काम, आणि तो प्लॉट मेट्रो ४ च्या स्टेशनच्या जिन्यापासून तीनशे मीटरवर आहे. चारशे घरं कुठेतरी होणारच, मग तिथे नाही तर कुठे व्हायची? म्हणून ग्रुपवर लिहायला घेतलं ते एवढं लांबलं.

तर स्टेशनभोवती दाट वस्ती करायची, म्हणजे जास्त घरं, ऑफिसं, दुकानं चालत जायच्या अंतरात बसवायची, याला टीओडी म्हणतात, ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट. नाव मोठं आहे पण गोष्ट आपल्या आजोबांच्या वेळची आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर, आणि त्यानंतर पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे शहर स्टेशनला चिकटूनच वाढलं. माझं माहेर नौपाड्यातलं. बाबा सकाळी ८ वाजून काही मिनिटांच्या फास्टसाठी घरातून चालत निघायचे, येताना जांभळी नाक्याला भाजी घेऊन यायचे, शाळा चालत, दवाखाना चालत, आमच्याकडे सायकल पण नव्हती आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. तीन-चार मजली बिल्डिंगी, लिफ्ट नाही, एकेका मजल्यावर सहा-सहा बिऱ्हाडं. आजच्या भाषेत ते हाय डेन्सिटी. तेव्हा त्याला आम्ही फक्त नौपाडा म्हणायचो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच घसरतात. दाट म्हणजे उंच नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं ते. हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय एक, तर सगळे मजले मिळून हजार मीटर, एफएसआय चार तर चार हजार. हे चार हजार मीटर तुम्ही बुटक्या पसरट बिल्डिंगमध्ये बसवा नाहीतर सुईसारख्या टॉवरमध्ये, एफएसआय तोच. आणि त्यात किती माणसं राहणार ते अजून वेगळं, कारण तेवढ्याच जागेत चाळीस मीटरची शंभर घरं होतात आणि शंभर मीटरची चाळीस. त्यामुळे तीस मजली टॉवर, खाली पाच मजले पोडियम म्हणजे पार्किंगचे, मध्ये स्विमिंग पूल, असं कॉम्प्लेक्स बघून आपल्याला वाटतं बापरे किती गर्दी, पण एकरी माणसं मोजली तर कधी कधी जुना नौपाडाच जास्त भरतो.

मग ट्रॅफिक कशाने होतं? गाड्यांनी. हे म्हणायला सोपं वाटतं पण आपण डोक्यात नेहमी माणसं मोजतो आणि म्हणतो लोक वाढले म्हणून ट्रॅफिक वाढलं. रस्त्यावर माणूस जागा किती खातो ते तो कशात बसलाय त्यावर आहे. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं असतात. धरा साडेचार हजार. हीच माणसं दीड-दीड करून गाड्यांत बसवली तर तीन हजार गाड्या झाल्या. जाममध्ये उभी गाडी पुढचं-मागचं अंतर धरून सहा मीटर खाते, म्हणजे अठरा किलोमीटरची एकेरी रांग, जवळजवळ ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत. एका लोकलची. आणि तिच्या मागे चार-पाच मिनिटांत दुसरी येतेय.

म्हणजे ट्रॅफिकचा खरा हिशोब दोन आकड्यांचा गुणाकार आहे, किती गाड्या आणि प्रत्येक गाडी किती किलोमीटर. समजा आमच्या समोरच्या टॉवरमध्ये चारशे घरं झाली आणि सकाळी साठ गाड्या बाहेर पडल्या, सरासरी पाच किलोमीटर गेल्या, तर तीनशे गाडी-किलोमीटर. हीच चारशे घरं अजून लांब, जिथे स्टेशन नाही, बस अर्ध्या तासाने, तिथे बांधली तर दीडशे गाड्या निघतील आणि नऊ-दहा किलोमीटर जातील, धरा साडेतेराशे. आकडे मी मनाने धरलेत, तुम्ही तुमचे धरा, पण एक बघा की त्या लांबच्या दीडशे गाड्या जाणार कुठून? आमच्या गेटसमोरूनच ना. घोडबंदरला दुसरा रस्ता आहे कुठे. आम्ही इथला टॉवर अडवला तरी त्यातलं ट्रॅफिक आम्हाला मिळणारच आहे, उलट जास्त मिळणार आहे, फक्त ते पाच किलोमीटर पलीकडून येईल.

यात मोजायच्या पट्टीचाही घोळ आहे. नवीन प्रोजेक्ट आला की ट्रॅफिकचा रिपोर्ट करतात त्यात जवळच्या जंक्शनवर गाडी किती सेकंद थांबते ते बघायची पद्धत जगभर होती. या पट्टीने मोजलं की स्टेशनजवळचा प्रोजेक्ट नेहमी नापास होतो, कारण तिथलं जंक्शन आधीच भरलेलं असतं, आणि शेतात बांधलेला प्रोजेक्ट पहिल्या नंबरने पास, कारण तिथे जंक्शनच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने यावर २०१३ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२० पासून राज्यभर पर्यावरणाच्या तपासणीत सिग्नलवरचा उशीर धरायचा बंद करून लोक एकूण किती मैल गाडी चालवणार ते धरायला सुरुवात केली. म्हणजे त्या गाडीवेड्या राज्यात पण. आपल्या मीटिंगमध्ये काकांनी जी पट्टी लावली ती जुनी पट्टी, त्यात त्यांची चूक नाही, गेटवर उभं राहिलं की तेवढंच दिसतं.

आता घोडबंदर रोड. हा रस्ता नकाशावर बघा, एका बाजूला येऊरचा डोंगर आणि नॅशनल पार्क, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी, आणि पट्टीच्या मधून एकच मोठा रस्ता. ब्राझीलमध्ये कुरिटिबा नावाचं शहर आहे, त्यांनी १९७४ पासून मुद्दाम असं शहर घडवलं. लांब लांब पट्ट्या आखल्या, प्रत्येक पट्टीच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी लेन, लेनच्या दोन्ही बाजूंना लगेच उंच बिल्डिंगी, आणि जसजसं आत जाल तसतशा बुटक्या. टॉवरमधून उतरलं की समोर बस. गंमत म्हणजे आपल्याला निसर्गाने ती पट्टी फुकट दिली होती, नुसती मधली बसची लेन आधी टाकायची होती. आपण केलं काय तर आधी टॉवर, मग फ्लायओव्हर, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आणि मेट्रो सगळ्यात शेवटी. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुख अशी ही मेट्रो, तिची ट्रायल रन घेतली सप्टेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत इथे राहायला आलेल्या प्रत्येकाने एक तरी गाडी घेतली होती, आम्ही पण घेतली. आम्हाला फ्लॅट विकताना बिल्डरच्या माणसाने मेट्रो दोन वर्षांत आणि स्टेशन पाच मिनिटांवर असं सांगितलं होतं, ब्रोशरवर मेट्रोचा फोटो पण होता, कुठल्या देशातली मेट्रो होती देव जाणे. एकदा गाडी घेतली, लोन सुरू झालं, हात बसला, की मग स्टेशन आलं तरी माणूस गाडी सोडायला तयार नसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सेवा, मग वस्ती, निदान दोन्ही बरोबर तरी.

आणि फ्लायओव्हर का पुरत नाहीत ते पण सांगते. रस्ता रुंद झाला की पहिले काही महिने मजा येते. मग जे लोक आधी ट्रॅफिकला घाबरून लोकलने जायचे ते गाडी काढतात, जे सातला निघायचे ते साडेआठला निघतात, आणि बिल्डर अजून पुढे प्लॉट घेतो कारण आता तिथून वीस मिनिटं लागतात असं सांगता येतं. दोन-तीन वर्षांत रस्ता परत भरतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये एक हायवे २००८ पर्यंत अवाढव्य रुंद केला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून सव्वीस लेन, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळी लागणारा वेळ परत वाढला. आपल्याकडे तर सव्वीस लेनला जागाच नाही, डोंगर कापावा लागेल.

हां, पण एक मान्य करायला पाहिजे. घोडबंदरचं सगळं ट्रॅफिक आमचं नाही. जेएनपीटी बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर इथूनच जातात, माजिवड्याला नाशिक हायवे येऊन मिळतो, आणि एक ट्रेलर गायमुखच्या घाटात बंद पडला की आम्ही सगळे पातलीपाड्याला लटकलो. हे काही टॉवरमुळे होत नाही आणि टॉवर अडवून थांबणारही नाही. त्याला वेगळं औषध, अवजड गाड्यांच्या वेळा पाळणं, वेगळे रस्ते, घाटात क्रेन तयार ठेवणं. ताप वेगळा आणि खोकला वेगळा, एकच गोळी दोन्हीला चालत नाही.

आता आमच्या ऑफिसातली गंमत सांगते. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली आहे, आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो. त्यात प्लॉटला टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, किती घेता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं. रुंद रस्ता म्हणजे जास्त बांधकाम. याचा अर्थ कळतोय का? आपण वर्षानुवर्षं घनता रस्त्याच्या रुंदीला बांधली, स्टेशनच्या अंतराला नाही. हायवेला लागून प्लॉट असेल, स्टेशन सात किलोमीटर, तरी टॉवर. नौपाड्यात स्टेशनपासून दहा मिनिटं चालत पण समोर सहा मीटरची गल्ली, तर बिचारे रिडेव्हलपमेंटसाठी वर्षानुवर्षं बिल्डर शोधतायत. रुंदीच्या नियमाला कारण आहे, फायर ब्रिगेडची गाडी आत वळली पाहिजे, ते योग्यच आहे, पण मग रुंद रस्ता तिथे टॉवर आणि टॉवर तिथे गाड्या हे ओघाने आलंच. टीओडीत ही दोरी रस्त्याऐवजी स्टेशनला बांधतात. केंद्र सरकारचं २०१७ चं टीओडी धोरण आहे त्यात स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरचा पट्टा धरलाय, आणि पुण्यात मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत एफएसआय चारपर्यंत जातो.

५०० मीटरच का, तर माणूस सहा-सात मिनिटं चालायला कुरकुर करत नाही. पंधरा मिनिटं झाली की रिक्षा बघतो. आणि त्रिज्या ५०० मीटर म्हणजे गोल किती मोठा, तर साधारण १९५ एकर, बस. एका स्टेशनला एवढीच जमीन चालत जायच्या अंतरात मिळते, त्यातून रस्ते, नाले, रेल्वेची जागा, शाळा, मैदान वजा करा. इतकी महाग आणि मोजकी जमीन आहे ही. तिथे गाड्या ठेवायचे पाच-पाच मजले बांधणं म्हणजे देवघरात चपला ठेवण्यासारखं आहे.

पार्किंगवर जरा थांबते कारण मला वाटतं सगळी मेख इथे आहे आणि मीटिंगमध्ये यावर कोणी बोललं नाही. उलट सगळ्यांची मागणी होती की नवीन टॉवरला भरपूर पार्किंग द्या म्हणजे त्यांच्या गाड्या आमच्या सर्व्हिस रोडवर नकोत. ऐकायला बरोबर वाटतं. आता हिशोब बघा. एका गाडीचा चौकोन अडीच मीटर बाय पाच मीटर, साडेबारा चौरस मीटर, म्हणजे १३४ फूट. आमची नौपाड्यातली खोली दहा बाय बाराची होती, १२० फूट, त्यात आई, बाबा, आम्ही दोघी बहिणी आणि दिवाळीत आजी. पहिल्यांदा ऑफिसात पार्किंगचा लेआउट काढला तेव्हा स्केल लावून मी हे मोजलं आणि थोडा वेळ तशीच बसले होते. आणि १३४ फूट हा नुसता चौकोन, गाडी आत आणायला, वळवायला रॅम्प आणि ड्राइव्ह-वे लागतो, तो धरला की उघड्यावर २३ मीटर, छताखाली २८, बेसमेंटमध्ये ३२ असा सर्वसाधारण हिशोब धरतात. चारशे घरांना दोन-दोन म्हणजे आठशे गाड्या गुणिले २८, बावीस हजार चारशे चौरस मीटर. तेवढ्यात चाळीस मीटरची ५६० घरं होतील. स्टॅक पार्किंग लावलं तर थोडं वाचतं, पण ते खालीवर करताना अर्धा मिनिट हॉर्न ऐकायचा.

आणि जो दोन पार्किंगसकट फ्लॅट घेतो तो दोन गाड्या घेतो. पैसे तर दिलेच आहेत ना, रिकामं कशाला ठेवा. म्हणजे पार्किंग भरपूर दिलं की रस्त्यावर उभ्या गाड्या कमी होतात पण रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या वाढतात, आणि आपल्याला त्रास धावणाऱ्यांचा जास्त आहे. आपल्या नियमात प्रत्येक साइजच्या घराला कमीत कमी किती पार्किंग हवं ते लिहिलेलं असतं. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये हे उलटं केलं, कमीत कमीची अट काढली आणि जास्तीत जास्तची घातली. आपल्या २०१७ च्या केंद्रीय धोरणातही स्टेशनजवळ पार्किंग कमी आणि महाग ठेवा असंच म्हटलंय, पण मीटिंगमध्ये हे म्हणून बघा, तुम्हाला बाहेर काढतील.

नुसतं पार्किंग कमी केलं आणि रस्त्यावर फुकट लावू दिलं तर मात्र पूर्ण वाट लागते हे खरं, आणि काकांची भीती ती आहे. नौपाड्यात आत्ता तेच चाललंय, जुनी बिल्डिंग पडते, टॉवर होतो, आणि गल्लीत दोन्हीकडे गाड्या लागल्यावर मधून ॲम्ब्युलन्स जात नाही. स्टेशन शेजारी असून. म्हणून दोन्ही एकदम करावं लागतं, आत कमी आणि बाहेर पैसे किंवा बंदी. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, गाडी घ्यायची तर घराजवळ ती ठेवायला जागा आहे याचा दाखला द्यायचा, नाहीतर नोंदणी नाही. टोकियोच्या बारीक गल्ल्या त्यामुळे मोकळ्या राहतात आणि त्यात म्हाताऱ्या बायका सायकल चालवतात. २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही अशी घोषणा केली होती. तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते जोक फिरत होते.

आता नवी मुंबईकडे येते कारण तिथे बरोबर उलटी गोष्ट झाली. लग्नानंतर आम्ही आठ वर्षं कोपरखैरण्याला भाड्याने होतो. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला झाली, आणि पुढे रेल्वे आणायची तेव्हा खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचा असं ठरलं. वाशीला लोकल १९९२ ला आली, ठाणे-वाशी २००४ ला. सिडकोकडे पैसे कुठून, तर जमीन विकून. रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो, तो वाढलेला भाव ज्याने रेल्वे आणली त्यालाच मिळाला पाहिजे, एवढी साधी युक्ती आहे. हाँगकाँगची मेट्रो याच युक्तीवर उभी आहे, स्टेशनवरचे टॉवर तीच डेव्हलप करते. ठाण्यात जमिनी खाजगी, त्यामुळे मेट्रो आली की भाव वाढून फायदा जमीनवाल्याला आणि बिल्डरला, आणि पैसे आपल्याकडून. एप्रिल २०२२ पासून घर घेताना स्टॅम्प ड्युटीबरोबर एक टक्का मेट्रो सेस लागतो, कोटीच्या फ्लॅटला एक लाख. माझ्या भावजयीने मेट्रोत पाय ठेवायच्या आधीच लाखाचं तिकीट काढलं.

पण नवी मुंबईत स्टेशनं राजवाड्यासारखी झाली आणि भोवती काय, तर मोठं पटांगण, पार्किंग, आणि कित्येक वर्षं मोकळे प्लॉट. बेलापूरला मी रोज उतरते, स्टेशनच्या जवळपास ऑफिसंच ऑफिसं, संध्याकाळी साडेसातनंतर चहाची टपरी सोडून चिटपाखरू नाही, आणि बाईमाणसाला त्या रिकाम्या पटांगणातून एकटीने चालायला जीव मुठीत घ्यावा लागतो. नुसती ऑफिसं किंवा नुसती घरं असली की असंच होतं. दाटीबरोबर मिसळ पाहिजे, खाली दुकान, वर क्लिनिक, त्याच्यावर घर, म्हणजे रात्री दहाला पण खिडकीत दिवा असतो. सीवूड्सला नंतर ते जमवलं, खाली प्लॅटफॉर्म, वर मॉल, बाजूला ऑफिसं, रस्ता न ओलांडता सगळं. मला मॉल फारसा आवडत नाही पण पावसात कोरड्या पायांनी गाडीत चढता येतं हे खोटं कसं बोलू.

आणि खरी टीओडी नवी मुंबईत कुठे झाली माहितीये? गावठाणात. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथे भूमिपुत्रांनी गरजेपोटी बांधलेली चार-पाच मजली घरं, कुठल्याही प्लॅनमध्ये नाहीत, खिडकीतून हात काढला की समोरच्याच्या खिडकीला लागतो. हवा, उजेड, आग, सगळे प्रश्न आहेत, मी त्याची तारीफ करत नाही. पण तिथे भाड्याने राहणारी एमआयडीसीतली आणि कॉल सेंटरमधली पोरं सकाळी झुंडीने चालत स्टेशनला जातात, त्यांच्याकडे गाडीच नाही. रुंद रस्त्यांच्या सेक्टरमध्ये राहणारे आम्ही रिक्षा शोधायचो. ठाणे-वाशी लाइनचं अजून एक चांगलं, एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी आणि आयटी पार्क, म्हणून ठाण्याहून ऐरोलीला जाणारे आणि ऐरोलीहून ठाण्याला येणारे दोन्हीकडे भरलेले. सीएसएमटीकडे बघा, सकाळी जाताना चेंगराचेंगरी आणि परतीची गाडी रिकामी पळते. म्हणून स्टेशनजवळ नोकऱ्या पण पाहिजेत, नुसते बेडरूम नाही.

आता राहिले ते तीनशे मीटर, माझ्या गेटपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत. नकाशावर सरळ रेघ आहे. एका शनिवारी मी चालून बघितलं. गेटबाहेर फुटपाथ सुरू होतो तो वीस पावलांवर विजेच्या डीपी बॉक्सपाशी संपतो. मग खाली उतरून सर्व्हिस रोड, तिथे स्कूल बस उभ्या. मग गटाराचं झाकण, एका बाजूने उचललेलं, त्यात कोणीतरी खूण म्हणून झाडाची फांदी खोचलेली. मग वडापावची गाडी, ती मला चालते. मग हायवे, आणि तो ओलांडायला पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत यायचं. तीनशे मीटरचे साडेसातशे झाले आणि बारा मिनिटं गेली, सासूबाई बरोबर असत्या तर वीस. हे पावसात कोण करणार? जो तो गाडी काढणार. टीओडीचे कोट्यवधी या शेवटच्या तीनशे मीटरमध्ये बुडतात. २००९ मध्ये ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटीस, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसचा उंच डेक, झालं तेव्हा बस वर आणि रिक्षा खाली असं वेगळं केल्याने किती फरक पडला ते जुन्या ठाणेकरांना आठवत असेल, गर्दी आजही आहे पण निदान कोण कुठून जाणार ते ठरलं. तेवढं जरी प्रत्येक मेट्रो स्टेशनखाली केलं, रिक्षाचं स्टँड, टीएमटी बसचा स्टॉप जिन्याला लागून, सलग फुटपाथ, रस्ता ओलांडायला जागच्या जागी सोय, तरी निम्मं काम होतं.

दाटीच्या विरोधात खरे मुद्दे पण आहेत, ते मी झाकत नाही. पाणी. घोडबंदरला एप्रिल-मेमध्ये टँकरची रांग लागते, त्यात अजून चारशे नळ. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, आपल्याकडे तसं नाही. हा प्रश्न टॉवर स्टेशनजवळ असो की लांब, सुटायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे भाव. स्टेशनजवळ घर महाग होतं, मग तिथे राहायला येतो तो ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, ज्या आयुष्यभर बस-ट्रेननेच फिरणार, त्या पार दिवा स्टेशनकडे फेकल्या जातात. दिव्याहून लोकल, ठाण्याहून टीएमटी, मग चालत, सकाळी पावणेसहाला निघतात. स्टेशनला चिकटून पहिलं घर कोणाला मिळायला पाहिजे होतं? म्हणून छोटी घरं, तीस-चाळीस मीटरची, ही अट असल्याशिवाय नुसता एफएसआय वाढवून दिला तर आपण फक्त बिल्डरचं भलं केलं असं मला वाटतं, आणि हे मी बिल्डरांचीच ड्रॉइंगं काढून पोट भरणारी बाई म्हणतेय.

तर मी ग्रुपवर लिहिलं की पत्र जरूर देऊया पण मजले कमी करा असं नको. तीन गोष्टी मागूया. पार्किंगचे मजले कमी करून तिथे छोटी घरं द्या, सर्व्हिस रोडवर गाडी लावायला पैसे घ्या, आमच्याकडून पण, आणि टॉवरला ओसी देण्याआधी आमच्या गेटपासून जिन्यापर्यंत सलग फुटपाथ करा. बराच वेळ ब्लू टिक आल्या, उत्तर नाही. मग बी विंगच्या काकांनी लिहिलं, "ताई, मुद्दा पटतो, पण तुमची दुसरी गाडी सर्व्हिस रोडवरच असते ना?" असते. मिस्टरांची.

पत्र गेल्या आठवड्यात गेलं. फुटपाथचा मुद्दा ठेवलाय. पहिले दोन कमिटीने काढले.